मदत घ्या, पण कुठे आणि कितीला?

१० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन. त्या आठवड्यात बहुतेक कॉलेजांत एक पोस्टर स्पर्धा ठरलेली. हिरवी रिबन, डोक्यातून उगवलेली फुलं आणि खाली ‘बोला, मोकळे व्हा’. बक्षीस द्यायला पाहुणे येतात, मदत मागण्यात कमीपणा नाही असं सांगतात, चहा-समोसा होतो. चांगलंच आहे ते. पण मागच्या बाकावर बसलेल्या ज्या कुणाला महिनाभर धड झोप लागलेली नाही, त्याच्या डोक्यात वेगळेच प्रश्न असतात. मदत मागायची म्हणजे नक्की कुणाकडे? किती पैसे घेतात? एकदाच जायचं की दर आठवड्याला? घरी कळेल का? पोस्टरवर हे काही लिहिलेलं नसतं.

माझ्या रूममेटमुळे ही सगळी शोधाशोध मी जवळून पाहिली. (तिला विचारूनच लिहितेय, नाव मात्र सोडून.) मराठवाड्यातून पुण्यात शिकायला आलेली मुलगी. घरून महिन्याला नऊ हजार येतात. त्यात कॉट बेसिसचं भाडं, मेस, बसचा पास आणि झेरॉक्स. महिन्याच्या शेवटी हजारभर उरले तर ती श्रीमंत. थर्ड इयरला तिची झोप गेली, मग भूक गेली, मग इंटर्नल्स बुडाल्या. लेक्चरला जायचं म्हटलं की छातीत धडधड. आपल्याला मदत हवी आहे हे तिला पटलं होतं. तिला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. गाडी अडली ती पुढे.

मोबाइलवर शोधलं तर जवळपासच्या क्लिनिक्सची लांबलचक यादी आली. फोन करून फी विचारायची तिला लाज वाटत होती, म्हणून मी विचारली. पुण्या-मुंबईत खासगी सेशनला साधारण हजार ते दोन हजार रुपये पडतात, काही ठिकाणी त्याहून जास्त. सेशन पाऊण ते एक तासाचं, आणि सुरुवातीला दर आठवड्याला यायला सांगतात. दीड हजार धरले तर महिन्याचे सहा हजार झाले. म्हणजे दोन महिन्यांची मेस. ती म्हणाली, एवढे पैसे मागायला घरी फोन केला तर आधी कारण सांगावं लागेल, आणि कारण सांगता आलं असतं तर इतकं बिघडलंच नसतं.

आधी माणूस कोण ते कळू दे

पैसे वाया जाण्याचं एक मोठं कारण म्हणजे चुकीच्या दारावर जाणं. क्लिनिकच्या बोर्डवर ‘माइंड’, ‘हीलिंग’, ‘वेलनेस’ असे शब्द असतात, त्यावरून काहीच कळत नाही. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. हे एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेले डॉक्टर. निदान करतात आणि औषध लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत. ते चाचण्या आणि थेरपी करतात आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे असते. त्यांचा नंबर आरसीआयच्या वेबसाइटवर तपासता येतो. डॉक्टरांच्या नोंदणीसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आहे. काउन्सेलर किंवा समुपदेशक ही तिसरी मंडळी. यांत मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं उत्तम काम करणारे आहेत आणि वीकेंडचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावणारेही आहेत. त्यामुळे ‘तुमचं शिक्षण काय? कुणाच्या हाताखाली काम केलंत?’ हे विचारायचंच. उद्धटपणा वाटत असेल तर आठवून बघा, आपण क्लासला ॲडमिशन घेताना सरांचं शिक्षण विचारतोच की.

झोप, भूक, रोजची कामं ढासळली असतील तर आधी मनोविकारतज्ज्ञ गाठलेले बरे. ब्रेकअप, घरातले ताण, परीक्षेची भीती असं असेल आणि दिवस रेटता येत असेल, तर समुपदेशकापासून सुरुवात करता येते. कोड्यात पडलात तर एकच नंबर लक्षात ठेवा, १४४१६. ही केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली. चोवीस तास चालते, फुकट आहे आणि भाषा निवडताना मराठीचा पर्याय आहे. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर तज्ज्ञांकडे जोडून देतात. रात्री अडीच वाजता जागे असलेल्या माणसासाठी हे थोडंथोडकं नाही. त्या वेळी आपण बहुतेक जण चॅटबॉटशी बोलत बसतो, पण चॅटबॉट औषधाची चिठ्ठी लिहीत नाही की पुढच्या मंगळवारी यायला सांगत नाही.

येरवड्याचा जोक

पुण्यात कुणी जरा विचित्र वागलं की ‘याला येरवड्याला पाठवा’. मुंबईकर ठाण्याचं नाव घेतात, कोकणात रत्नागिरी, विदर्भात नागपूर. ही राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांची गावं. या जोकमुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की सरकारी मानसोपचार म्हणजे उंच भिंती आणि आत कोंडलेली माणसं. पण या रुग्णालयांतसुद्धा ओपीडी चालते. माणसं सकाळी येतात, डॉक्टरांना भेटतात, औषधं घेतात आणि घरी जातात. शिवाय तिथेच जायला हवं असंही नाही. पुण्यात ससून, मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे अशा मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. जिल्ह्याच्या गावी सिव्हिल हॉस्पिटल असतं आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तिथे ही सोय असते. सुट्टीत गावी गेलात तर तिथेही दाखवता येतं.

पैशांचं म्हणाल तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वेगळ्या खात्याखाली येतात, तिथे केसपेपरचे थोडे पैसे लागतात. कॉलेजच्या कट्ट्यावरच्या वडापाव-चहाच्या हिशोबातले.

रूममेटसोबत मी एका सरकारी ओपीडीत गेले होते. केसपेपरच्या खिडकीवर रांग होती आणि ‘कुठला विभाग?’ हा प्रश्न चारचौघांत मोठ्याने विचारला गेला. तिने मान खाली घातली, पण मागच्या काकूंना स्वतःच्या गुडघ्यापलीकडे कशातही रस नव्हता. विभागाबाहेर बाकावर दोन तास बसलो. एक रिक्षावाले काका, कडेवर बाळ असलेली एक बाई, कंपनीचं आयकार्ड गळ्यात असलेला एक मुलगा. सगळी आपल्यासारखीच माणसं. आत एका तरुण रेसिडेंट डॉक्टरने वीसेक मिनिटं नीट सगळं विचारलं, झोपेपासून घरच्यांच्या आजारांपर्यंत. मग सीनियर मॅडमनी पाहिलं. रक्ताची थायरॉइडची चाचणी लिहून दिली, कारण थायरॉइड बिघडलं तरी मूड आणि झोप बिघडते. सोबत पंधरा दिवसांचं औषध.

आता दुसरी बाजू. पुढच्या खेपेला दुसराच रेसिडेंट असतो, त्यामुळे जुना केसपेपर हरवायचा नाही. फॉलोअपला पाच-सात मिनिटंच मिळतात. आणि तासभर बसून बोलायची थेरपी सरकारी ठिकाणी मिळायला अवघड, कारण माणसंच नाहीत. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मानसिक आजार असलेल्यांपैकी बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत असं दिसलं होतं. देशात लाखामागे एक मनोविकारतज्ज्ञही येत नाही. मग ओपीडीत घाई होणार नाही तर काय.

म्हणून मला पटलेला मार्ग असा : निदान आणि औषध सरकारी ओपीडीत, आणि बोलण्यासाठी कमी फीची जागा शोधायची. ही जागा मिळते, फक्त विचारावं लागतं. अनेक थेरपिस्ट विद्यार्थ्यांसाठी किंवा ऐपतीप्रमाणे कमी फीच्या काही वेळा राखून ठेवतात, पण ते क्वचितच जाहीर करतात. ‘मी विद्यार्थी आहे, मला अमुक इतके परवडतील, तुमच्याकडे कमी फीची वेळ आहे का? नसेल तर कुणाचं नाव सुचवाल?’ एवढाच मेसेज. तिने सहा जणांना पाठवला, दोघांनी उत्तर दिलं, एकाने पाचशेत होकार दिला. आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी भेट ठरली आणि हिशोब हजारात बसला. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही सेवा फोनवर समुपदेशन करते. ठाण्यात आयपीएचसारखी डॉ. आनंद नाडकर्णींनी उभी केलेली संस्था आहे. दारू-ड्रग्जचा प्रश्न असेल तर पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून तेच काम करतंय.

कॉलेजवर हक्क सांगा

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. विशाखापट्टणमला ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात. त्यानुसार शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असायला हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी बांधून घ्यायला हवं. हेल्पलाइनचे नंबर होस्टेल, वर्ग आणि वेबसाइटवर ठळक दिसायला हवेत. आता आपापल्या कॉलेजात एक फेरी मारून बघा. आमच्या ओळखीच्या एका कॉलेजात ‘काउन्सेलिंग सेल’ची पाटी आहे, आत स्पोर्ट्सचं सामान आहे आणि काउन्सेलर म्हणून ज्यांचं नाव आहे त्याच बाई अटेंडन्स बघतात. ज्यांनी तुम्हाला डिफॉल्टर यादीत टाकलं त्यांच्याकडेच मन मोकळं करायचं! विद्यार्थी प्रतिनिधींनी गॅदरिंगच्या बजेटसोबत हाही विषय प्राचार्यांपुढे ठेवायला हरकत नाही.

विम्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. मग आई-बाबांच्या पॉलिसीत आपलं नाव आहे, तर सेशनचे पैसे मिळतील? बहुधा नाही. कारण आपल्याकडच्या बऱ्याचशा पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात, ओपीडीचे नाही. तापासाठी डॉक्टरकडे गेलात तरी त्या देत नाहीत, तेच इथे. ‘ओपीडी कव्हर’ वेगळं घेतलेलं असेल तरच आशा, आणि तेव्हाही क्लेम पॉलिसीधारकाच्या म्हणजे बहुतेक वेळा बाबांच्या नावाने जातो. घरी कळायला नको असेल तर हा रस्ता नाही.

घरी कळण्याचं काय? त्याच कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. तुम्ही अठरा पूर्ण असाल तर डॉक्टर तुमच्या परवानगीशिवाय घरी किंवा कॉलेजला सांगत फिरू शकत नाहीत. अपवाद आहेत, जसं तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर. अकरावी-बारावीच्या, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांना मात्र पालकांना सोबत घ्यावंच लागतं. पालकांशी कसं बोलायचं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. माझ्या रूममेटने आईला आधी फक्त ‘झोपेचं औषध चालू आहे’ इतकंच सांगितलं. अजून तिथेच थांबली आहे. चालेल.

औषधांच्या खर्चाला फार घाबरू नका. नैराश्य आणि चिंतेवरची नेहमीची बरीच औषधं जेनेरिकमध्ये स्वस्तात मिळतात. डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात विचारा. पण एक लक्षात असू दे : या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात. त्याआधी मळमळ, डोकं जड असले त्रास होऊ शकतात, म्हणून बरेच जण चौथ्या दिवशी गोळी सोडतात. बरं वाटू लागलं की सोडणारेही तितकेच. दोन्ही वेळा डॉक्टरांना न विचारता सोडायची नाही, आणि मित्राची उरलेली स्ट्रिप तर अजिबात घ्यायची नाही.

हे सगळं परवडतं का, कुठलं स्वस्त, हा विचार करायला वेळ असेल तेव्हाचं झालं. स्वतःला संपवावं असे विचार येत असतील, तुमच्या किंवा पार्टनर-मित्राच्या मनात, तर तुलना करत बसू नका. १४४१६ लावा, माणसाला एकटं सोडू नका आणि धोका समोर दिसत असेल तर १०८ ला फोन करून जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. ‘पोलिस केस होईल’ या भीतीने उशीर होतो. पण २०१७ च्या कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरायचं ठरवलंय. शिक्षा नाही, उपचार द्यायचे.

पहिल्यांदा जाणार असाल तर वहीच्या मागच्या पानावर चार गोष्टी लिहून न्या : त्रास कधीपासून, झोप किती तास, कुठली औषधं चालू आहेत, घरात कुणाला असा त्रास होता का. डॉक्टरांसमोर बसल्यावर निम्मं विसरायला होतं. आधार कार्ड, जुने रिपोर्ट, पाण्याची बाटली आणि एक मैत्रीण किंवा मित्र सोबत असू दे, जो बाहेर बाकावर बसून रील्स बघेल आणि फार प्रश्न विचारणार नाही. मानसोपचार ओपीडीचे वार सगळीकडे सारखे नसतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. आणि सकाळी लवकर पोचा, नंबर पटापट लागतात. पहिली दोन लेक्चर्स बुडतील.