आक्रमक मास्ट पेशी विकार : स्वरूप, निदान व उपचार

प्रस्तावना :
शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतील पेशीच अनियंत्रित वाढू लागल्या, तर रक्षकच भक्षक ठरतो. 'सिस्टेमिक मॅस्टोसायटोसिस' हा विकारसमूह याचे बोलके उदाहरण होय. त्यातील 'आक्रमक' प्रकार दुर्मीळ, परंतु प्राणघातक आहे. त्याची लक्षणे नेहमीच्या आजारांसारखी भासत असल्याने निदानास विलंब होतो. प्रस्तुत लेखात या विकाराची ओळख करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

मास्ट पेशींचे कार्य :
जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी १८७८ साली आपल्या प्रबंधात या पेशींचे वर्णन केले. पेशीतील कण हे पोषणाशी संबंधित असावेत, या समजुतीतून 'मास्ट' हे नाव पडले. समजूत चुकीची ठरली, नाव मात्र टिकले. वस्तुतः या कणांत हिस्टामाइन, हेपारिन, ट्रिप्टेज इत्यादी द्रव्ये असतात. ती एकाएकी बाहेर पडल्यास खाज, त्वचेची लाली, पोटदुखी, जुलाब व रक्तदाब घसरून मूर्च्छा ही लक्षणे उद्भवतात.

रोगाचे कारण :
मास्ट पेशींच्या वाढीचे नियंत्रण 'किट' या जनुकापासून बनणारे प्रथिन करते. बहुसंख्य प्रौढ रुग्णांत या प्रथिनातील ८१६ व्या स्थानी अॅस्पार्टिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. परिणामी वाढीचा संदेश अखंड चालू राहतो. हे उत्परिवर्तन बहुधा जन्मानंतर घडते, वारशाने येत नाही. म्हणूनच रुग्णाच्या भावंडांकडे वा मुलांकडे, विशेषतः विवाहसंबंध जुळविताना, संशयाने पाहणे अशास्त्रीय आहे.

सौम्य व आक्रमक प्रकार :
बालकांत हा विकार बहुधा त्वचेपुरता मर्यादित राहतो व अनेकदा वयात येईपर्यंत ओसरतो. प्रौढांतील सौम्य प्रकारात आयुर्मान बहुधा घटत नाही. आक्रमक प्रकारात मात्र मास्ट पेशी अवयवांत साचून त्यांचे कार्य बिघडवितात. रक्तपेशी घटतात, यकृत बिघडून जलोदर होतो, प्लीहा वाढते, हाडे ठिसूळ होऊन मोडतात, अन्नशोषण मंदावून वजन घटते. या प्रकारात त्वचेवरील तपकिरी डाग अनेकदा नसतात. त्यामुळे डाग नाहीत, म्हणून रोग नाही, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. अस्थिमज्जेच्या नमुन्यात मास्ट पेशींचे प्रमाण २० टक्के वा अधिक झाल्यास त्यास मास्ट पेशींचा रक्तकर्करोग म्हणतात.

निदान :
अस्थिमज्जेच्या तपासणीत १५ किंवा अधिक मास्ट पेशींचे दाट पुंजके आढळणे हा प्रमुख निकष होय. पेशींचा विकृत आकार, किट जनुकातील बदल, पेशीपृष्ठावरील विशिष्ट खुणा व रक्तातील ट्रिप्टेजचे प्रतिमिलिलिटर २० नॅनोग्रॅमहून अधिक प्रमाण हे गौण निकष आहेत. प्रमुख निकषासह एक गौण, किंवा तीन गौण निकष पूर्ण झाल्यास निदान निश्चित होते.

उपचार :
इमॅटिनिब हे औषध उपरोक्त उत्परिवर्तनावर निष्प्रभ ठरते, त्यामुळे उपचारापूर्वी जनुकीय तपासणी अत्यावश्यक आहे. अमेरिकेत या विकाराच्या प्रगत प्रकारांसाठी २०१७ मध्ये मिडोस्टॉरिन व २०२१ मध्ये अॅव्हाप्रिटिनिब या औषधांना मान्यता मिळाली. क्लॅड्रिबिन व निवडक रुग्णांत मूलपेशी प्रत्यारोपण हेही पर्याय आहेत. तीव्र अॅलर्जिक आघातात मात्र अॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच प्रथमोपचार होय.

महाराष्ट्राच्या संदर्भात :
केंद्र शासनाच्या २०२१ च्या दुर्मीळ रोग धोरणात मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाचा उत्कृष्टता केंद्र म्हणून समावेश झाला. तथापि, या धोरणातील रोगगटांत मुख्यतः आनुवंशिक विकारांचा भरणा असून नंतर उद्भवणारे असे विकार दुर्लक्षित राहण्याची भीती आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांतून अशा रुग्णांची एकत्रित नोंद ठेवली गेल्यास संशोधनास मोलाचे साहाय्य होईल.

समारोप :
आक्रमक मास्ट पेशी विकार दुर्मीळ आहे, म्हणून तो नगण्य ठरत नाही. एखादा विद्यार्थी वा सहकारी मधमाशीच्या दंशाने किंवा वेदनाशामक गोळीने वारंवार मूर्च्छित होत असेल, तर 'अशक्तपणा' म्हणून त्याची बोळवण न करता त्यास तज्ज्ञांकडे पाठविणे अध्यापकांना सहज शक्य आहे. प्रत्येक वेळी कारण हाच विकार असेल असे नाही. परंतु ट्रिप्टेजची एक साधी रक्ततपासणी पुढील मार्ग दाखवू शकते.