वर्ध्याहून दुबई : नातवंडांसह निवांत सहल

दुबई, अबुधाबी, दोहा ही नावे आता वर्ध्याच्या घराघरांत परिचयाची झाली आहेत. कुणाचा मुलगा तिकडे नोकरीस असतो, कुणाची सून तिथल्या शाळेत शिकवते. आणि ज्यांचे कुणीच तिकडे नाही, तेही हिवाळ्यात आठ दिवसांचा बेत आखतात. अशा सहलीत पुष्कळदा तीन पिढ्या एकत्र असतात. बेत मात्र मधल्या पिढीचा असतो आणि तो तिच्याच पायांच्या बळावर मोजलेला असतो. चार वर्षांची नात आणि सत्तरीतील आजी यांची दमण्याची वेळ जवळपास एकच असते, ही गोष्ट वेळापत्रक करताना ध्यानी राहत नाही.

पहिला प्रश्न हवामानाचा. ‘आम्ही वर्ध्याचे, आम्हांला उन्हाचे काय?’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या माणसाला हा अभिमान शोभतोही. पण दोन्हीकडचे ऊन एका जातीचे नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी असते. म्हणून कूलरच्या ओल्या ताट्यांतून येणारा वारा गार लागतो आणि अंगावरचा घाम झरझर वाळून शरीर थंड ठेवतो. दुबईला समुद्राचा शेजार आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथली हवा इतकी दमट होते की घाम वाळतच नाही, नुसता निथळतो, आणि शरीरातील उष्णता शरीरातच कोंडते. वृद्धांना तहान मुळात उशिरा जाणवते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका वाढतो. लहान मुलांचे शरीरही मोठ्यांपेक्षा लवकर तापते. म्हणून शाळेच्या उन्हाळी सुट्टीत, स्वस्त तिकिटाच्या मोहाने, आजी-आजोबा व बाळगोपाळांना घेऊन आखाती देशांत जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जानेवारीत दुबईत दुपारी चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास तापमान असते आणि पहाटे हलका स्वेटर लागतो. फुलांची प्रसिद्ध मिरॅकल गार्डनही याच मोसमात उघडी असते. वर्षअखेरची रात्र मात्र टाळावी. तिथली गर्दी लहानांची नाही आणि थोरांचीही नाही.

दुसरी गोष्ट प्रवासाच्या रात्रीची. तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. नागपूरहून शारजा आणि दोहा येथे थेट विमानसेवा चालत आली आहे. तिचे वेळापत्रक बदलत असते, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी ते पाहावे, आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासविषयक सूचनाही वाचाव्या. ही विमाने बहुधा उत्तररात्री सुटतात. समजा, विमान पहाटे चारचे आहे. तीन तास आधी पोहोचायचे, तर वर्ध्याहून रात्री अकराच्या आत निघावे लागते. मुले गाडीत झोपतात, विमानतळावर उठवली जातात, विमानात पुन्हा झोपतात आणि उतरताना कान दुखून रडतात. तिकडे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. म्हणजे तिथे पोहोचावे तो सकाळचे सहा वाजलेले असतात. हॉटेलची खोली मिळते दुपारी दोन-तीनला. मधले आठ तास सामान, झोपाळू मुले आणि सुजलेले पाय घेऊन माणसे हॉटेलच्या दिवाणखान्यात बसून राहतात. यावर उपाय एकच : खोली आदल्या रात्रीपासूनच घ्यावी, अथवा सकाळी लवकर खोली देण्याचे हॉटेलकडून लेखी मान्य करून घ्यावे. एका रात्रीचे भाडे अधिक जाते. त्या बदल्यात साऱ्या सहलीची तब्येत टिकते. पहिल्या दिवशी स्नान, जेवण, झोप आणि संध्याकाळी एखाद्या बागेत फेरफटका, इतकाच कार्यक्रम पुरे.

चाकांच्या खुर्चीची मागणी तिकिटाबरोबरच नोंदवावी. ‘मी काय लंगडा आहे?’ म्हणून पुष्कळ आबाजी ती नाकारतात. पण विमानतळावरील चालणे आणि रांगेत उभे राहणे हे गुडघ्यांचे खरे शत्रू. विमान उतरू लागले की तान्ह्या बाळाला पाजावे, मोठ्या मुलाला घोट घोट पाणी द्यावे. गिळण्याने कानावरचा दाब सैल होतो.

आता औषधांविषयी; हा भाग काळजीपूर्वक वाचावा. संयुक्त अरब अमिरातीत काही औषधांवर कडक नियंत्रण आहे. झोपेसाठी वा अस्वस्थतेसाठी आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी अल्प्राझोलाम व क्लोनाझेपाम, दुखण्यासाठीची ट्रामाडॉल, नसांच्या वेदनांसाठीची प्रीगॅबालिन, खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन ही त्यांतलीच. यांपैकी काही चालू असेल तर तिथल्या शासनाची पूर्वपरवानगी ऑनलाइन घ्यावी लागते. परवानगी नसेल तर गोळी पाकिटात ठेवून ‘बघू काय होते ते’ म्हणू नये. आणि रोजची गोळी एकाएकी बंदही करू नये. महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. सेवाग्राम वा सावंगीच्या रुग्णालयात उपचार चालू असतील तर तिथून औषधांची मूळ नावे, मात्रा व आजार लिहिलेले इंग्रजी पत्र घ्यावे. गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवाव्या. इन्सुलिन हातातील पिशवीत असावे, सामानाच्या डब्यात जाऊ देऊ नये.

आणि खसखस! अमिरातीत खसखस नेण्यास मनाई आहे. दिवाळीनंतर निघणाऱ्या कुटुंबाच्या डब्यात अनारसे असणारच, आणि अनारशाला खसखस असणारच. तो डबा घरीच संपवावा. घरच्या मसाल्यातही खसखस असते, हेही आठवावे. विड्याची पानेही तिथे चालत नाहीत. खाण्याची चिंता तशी करू नये. बर दुबई आणि करामा या भागांत शाकाहारी भारतीय जेवण सहज मिळते. तरी मुलांसाठी भाजके पोहे, मेतकूट आणि क्षारसंजीवनीची सीलबंद पाकिटे जवळ असावी.

फिरण्याचा बेत करताना दिवसाला एकच मुख्य ठिकाण धरावे, तेही सकाळी किंवा संध्याकाळी. दुपार झोपेची. जुन्या दुबईतील अल फहिदी वस्तीत वारा खाली ओढून घेणारे उंच मनोरे असलेली घरे आहेत. वीज नसताना माणसे कशी राहत होती, हे तिथे नातवंडांना दाखवता येते. आणि ते समजावून सांगण्यात जुन्या वाड्यात वाढलेल्या आजोबांची बरोबरी कोण करणार! तिथून जवळच खाडी ओलांडणारी लाकडी होडी, अब्रा, एका दिरहमला पैलतीरी नेते. तिच्यात पाऊल टाकताना कुणीतरी हात द्यावा, मुलांना मधोमध बसवावे. मेट्रोत लिफ्ट आहेत, स्त्रिया व मुलांसाठी वेगळा डबा आहे; मात्र आत खाण्यापिण्यास दंड आहे, तेव्हा बिस्किटाचा पुडा पिशवीत बंद राहू द्यावा. बुर्ज खलिफा पाहायला मेट्रोने गेलात, तर स्थानकापासून मॉलपर्यंत सुमारे आठशे मीटरचा बंदिस्त मार्ग आहे. सरकते पट्टे असले तरी गुडघेदुखीवाल्यांनी टॅक्सीच करावी. चार वर्षांखालील मुलासाठी मोटारीत वेगळे आसन बंधनकारक आहे. ते टॅक्सी बोलावताना मागावे. मॉलमधील गारवा सांधे आखडवतो. शाल विसरू नये.

वाळूच्या टेकड्यांवरून गाडी उडवत नेण्याचा खेळ हाडे ठिसूळ झालेल्यांनी, मणक्याचे वा हृदयाचे दुखणे असलेल्यांनी करू नये. तान्ह्या मुलांना तर मुळीच नेऊ नये. वाळवंट पाहायचेच असेल, तर सपाट रस्त्याने छावणीपर्यंत जाऊन सूर्यास्त पाहता येतो.

एक नाजूक बाब राहिली. ‘आईबाबा, तुम्ही जरा मुलांजवळ बसा, आम्ही येतो’ हे वाक्य सहलीत दिवसातून तीनदा ऐकू येते. आजी-आजोबा आनंदाने बसतात, हे खरे. पण परक्या शहरात, भाषा न कळणाऱ्या गर्दीत, धावणारी दोन मुले सांभाळणे म्हणजे विश्रांती नव्हे. दुखत असले तरी वडीलधारे बोलत नाहीत. आपल्यामुळे मुलांचा बेत मोडू नये म्हणून गोळी गिळून चालत राहतात. यासाठी निघण्यापूर्वीच घरात बसून ठरवावे : कोणत्या दोन वेळा आजी-आजोबा मुले सांभाळतील, आणि कोणत्या दोन वेळा ते केवळ स्वतःसाठी मोकळे असतील. एखाद्या दिवशी ‘आज मी खोलीतच थांबते’ असे आजी म्हणाली, तर तिला का, असे विचारू नये. मात्र तिच्याजवळ चालू असलेला फोन, हॉटेलचे नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी आणि रुग्णवाहिकेचा ९९८ हा क्रमांक असू द्यावा.

विमा घेताना मधुमेह, रक्तदाब, झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काहीही लपवू नये. लपवलेल्या आजाराचा खर्च कंपनी नाकारू शकते. मुले आईवडिलांवाचून केवळ आजी-आजोबांसोबत जात असतील, तर पालकांचे नोटरी केलेले संमतिपत्र जवळ असावे. परतीचे विमानही बहुधा रात्रीचेच असते. म्हणून नागपूरहून वर्ध्याला आणणारी गाडी आधीच ठरवावी, आणि मुलांची शाळा दुसऱ्या नव्हे, तिसऱ्या दिवशी सुरू होईल असा हिशोब धरावा.