अपील म्हणजे दयेचा अर्ज नव्हे

घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालील आश्रमशाळेतला कामाठी, मंचरच्या सरकारी रुग्णालयातला कक्षसेवक, वनखात्याच्या जुन्नर कार्यालयातला शिपाई. अशी सरकारी नोकरी आपल्या घरात एखादीच असते आणि तिच्यावर सारे घर चालते. वेतनवाढ रोखल्याचा किंवा बडतर्फीचा आदेश हाती पडला, की माणूस खचतो. मग कोणाकडून तरी अर्ज लिहून घेतो : 'साहेब, मुले लहान आहेत, माफ करा.' वाचकांना आमचे सांगणे आहे, की अपील हा तुमचा हक्क आहे. तो हक्कानेच बजावा. मोजके अपवाद सोडले, तर चौकशी केल्यावाचून सरकारी नोकराला बडतर्फ करता येत नाही, असे संविधानाचे ३११ वे कलमच सांगते.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे शिस्त व अपील नियम लागू आहेत. आदेश मिळाल्यापासून ४५ दिवसांत वरिष्ठ प्राधिकाऱ्याकडे अपील करायचे असते. ते स्वतःच्या नावाने असावे, भाषा संयमाची असावी आणि एक प्रत आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला द्यावी. दोन्हीकडची पोच जपून ठेवा.

अपिलात तीन गोष्टी तपासल्या जातात. चौकशी नियमाप्रमाणे झाली का, आणि नसेल तर त्यामुळे अन्याय झाला का? पुराव्यावरून दोष सिद्ध होतो का? शिक्षा दोषाच्या मानाने योग्य आहे का? म्हणून अपिलाचेही तीन भाग करा. साक्षीदाराला उलट प्रश्न विचारू दिले नाहीत, चौकशी अहवालाची प्रत दिली नाही, असे काही घडले असेल तर तारखेनिशी लिहा. अपिलात शिक्षा वाढूही शकते, पण त्याआधी नोटीस द्यावी लागते.

'अपील फेटाळले' एवढी ओळ पुरत नाही. राम चंदर या रेल्वेतील शंटरचे अपील रेल्वे बोर्डाने नियमातले शब्द उतरवून, कारणे न देता फेटाळले होते. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की त्यांचे म्हणणे समक्ष ऐका आणि कारणांसह नव्याने निर्णय द्या.

निर्णय विरुद्ध गेला, किंवा सहा महिने उलटूनही आला नाही, तर मुंबईच्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे 'मॅट'मध्ये जाता येते. त्यासाठी निर्णयापासून, अथवा ते सहा महिने संपल्यापासून, एक वर्षाची मुदत असते. जिल्हा परिषद, एस.टी. आणि कारखान्यांचे नियम वेगळे आहेत. ते आधी पाहून घ्या.

घरातल्या शिकत्या मुलामुलींनी एवढे करावे : आदेशाचे पाकीट आले, की त्यावर मिळाल्याची तारीख लिहावी. दिवस तेथूनच मोजले जातात.