दोन इंजिनं आणि एक निर्णय

मागच्या खेपेला आपण विवेकाबद्दल बोलत होतो. दोन चांगल्या गोष्टींपैकी एकच घेता येते, तेव्हा माणसाने काय करावं? आज तोच प्रश्न विमानाच्या बाबतीत विचारू. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, विमान कधी चालवलं नाही. म्हणून आकडे वैमानिकांच्या पुस्तकांतले घेऊ.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आपल्या जुहूला उतरले. त्या पस मॉथला एकच इंजिन होतं. ते बंद पडलं की खाली उतरायचंच, दुसरा पर्याय नाही. दोन इंजिनांच्या लहान विमानात मात्र पर्याय उरतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा, खाली झुकवता येणारा भाग. पावसाळ्यात गिरगाव चौपाटीवर छत्री जरा तिरकी धरून बघा. वारा तिला वर उचलतो आणि आपल्याला मागेही रेटतो. फ्लॅपचं तसंच आहे. विमान कमी धावून, कमी वेगात जमीन सोडतं. पण हवेचा अडथळा वाढतो.

दोन्ही इंजिनं चालू असताना हे खपून जातं. एक बंद पडलं तर? शक्ती निम्मी, म्हणजे चढण निम्मी, असं वाटतं ना? तसं नाही. विमान चढतं ते शिलकीच्या शक्तीवर. पगार निम्मा झाला आणि घरखर्च तेवढाच राहिला, तर महिनाअखेर काय उरतं? या विमानांत चढण ८० टक्के किंवा त्याहूनही जास्त घटते. फ्लॅप खाली असेल, तर उरलंसुरलंही जाऊ शकतं.

आता वेग. वेगदर्शकावर एक लाल रेघ असते. त्याखाली एक इंजिन गेलं, तर चालू इंजिन विमानाला फिरवून टाकतं, ते सरळ ठेवता येत नाही. निळी रेघ म्हणजे एका इंजिनावर सर्वांत चांगली चढण देणारा वेग. जास्त फ्लॅप लावला की काही विमानं लाल रेघेच्या आधीच जमीन सोडू शकतात. चाकं सुटलेली असतात, पण त्या क्षणी इंजिन गेलं तर विमान हातात राहत नाही.

म्हणजे प्रश्न दोन आहेत. जमीन सुटेल का? आणि सुटल्यावर विमान टिकेल का? फ्लॅप पहिल्याला मदत करतो, दुसऱ्याच्या आड येतो. म्हणून आधी विमानाची पुस्तिका बघायची. तिच्यात नसलेला फ्लॅप लावायचा नाही. पट्टी भरपूर लांब असेल, तर पुस्तिका परवानगी देते त्यातला कमी फ्लॅप बरा. पट्टी आखूड असेल, तर फ्लॅप वाढवण्याआधी वजन कमी करता येईल का, ते बघावं. आणि ऊन उतरेपर्यंत थांबावं. ३५ अंशांच्या दुपारी समुद्राकाठचं जुहूसुद्धा विमानाला सुमारे २४०० फुटांवर असल्यासारखं वागवतं, कारण हवा विरळ होते.

आणि इंजिन गेलं तर काय करायचं, हे धावायला लागण्याआधी ठरवायचं. जमिनीवर असताना गेलं, तर दोन्ही थ्रॉटल मागे आणि ब्रेक. त्या दोन-तीन सेकंदांत विचार करायला सवड नसते; आधी केलेला विचारच तेवढा कामाला येतो. आम्ही ज्याला विवेक म्हणतो, तो हाच.