दिवसा डोळे मिटलेला शॅमेलिऑन

वसईच्या वाडीत कुंपणावर दिसतो तो बागेतला सरडा. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण त्याचीच. शॅमेलिऑन, म्हणजे आपला घोयरा, धावायच्या भानगडीत पडत नाही. एक पाय उचलायचा, वाऱ्यावर पान हलल्यासारखं पुढेमागे डुलायचं, मग तो पाय टेकवायचा, अशी त्याची चाल. आपल्याकडच्या या घोयऱ्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्याला घरी ठेवणं हा गुन्हा. तेव्हा पुढचं सगळं घरात आणल्या जाणाऱ्या परदेशी जातींबद्दल, मुख्यतः येमेन-सौदीकडच्या व्हेल्ड आणि मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनबद्दल आहे. त्यांचीही २०२४ च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. कागदाचा विषय आधीच काढला, कारण ज्याच्याकडे कागद नाहीत तो मालक डॉक्टरकडे जायला कचरतो आणि त्यात दिवस जातात.

दिवस जाणं या प्राण्याला परवडत नाही. आजारी आहे हे तो शेवटपर्यंत दिसू देत नाही. जंगलात मलूल दिसणारा आधी उचलला जातो, म्हणून ही सवय. ‘काल संध्याकाळपर्यंत चांगला होता हो’ असं मालक म्हणतात, तेव्हा दुखणं बहुधा कित्येक आठवड्यांचं असतं.

म्हणून रोज सकाळी पाच मिनिटं नुसतं बघायचं. हात लावायचा नाही. पहिली गोष्ट डोळे. रात्री झोपेत तो फिका पडतो आणि डोळे मिटतो, ते ठीकच. पण पिंजऱ्यातला दिवा लागून दोन-तीन तास झाले आणि डोळे अजून बंद, किंवा एकच डोळा बंद, तर काहीतरी बिनसलंय. डोळ्यांचे बुरूज आत गेलेले दिसले तर पाणी कमी पडतंय. पापणी फुगली असेल तर जंतुसंसर्ग, आत अडकलेला कचरा किंवा अ जीवनसत्त्वाची कमतरता.

रंगाने मात्र फसायला होतं. परिसराशी मिसळून जाण्यासाठीच तो रंग बदलतो, हा समज खरा नाही. रंग बदलतो तो मनःस्थितीप्रमाणे, तापमानाप्रमाणे, समोर दुसरा नर आला तर. त्वचेतल्या सूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर बदलतं आणि परावर्तित प्रकाश बदलतो, हे जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये पँथर शॅमेलिऑनवर दाखवलं. सकाळी तो काळपट असेल तर ऊब शोषून घेतोय. दिव्याखाली तासन्‌तास बसूनही काळपटच राहिला, तर तो घाबरलाय, गारठलाय किंवा आजारी आहे.

मग शी पाहायची. तिचे दोन भाग असतात, एक गडद तपकिरी आणि एक पांढरा. पांढरा भाग पिवळा किंवा नारिंगी होऊ लागला की पाणी वाढवा. इथे बहुतेकांची चूक ठरलेली आहे: पिंजऱ्यात पाण्याची वाटी ठेवतात. साचलेलं पाणी हे पाणी आहे, हे त्याच्या सहसा लक्षातच येत नाही. तो पानांवरचे हलते थेंब चाटतो. सकाळ-संध्याकाळ पानांवर फवारा मारायचा, किंवा औषधाच्या दुकानातून सलाइनचा नवा कोरा सेट आणून त्यातून पानावर थेंब थेंब पाणी पडू द्यायचं.

पण पावसाळ्यात गणित उलटतं. जून ते सप्टेंबर वसईची हवा आधीच ओली, त्यात काचेची बंद पेटी आणि दिवसभर फवारा. हवा कोंदते, फुप्फुसाचा संसर्ग होतो. नाकातोंडाशी बुडबुडे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, मान वर करून तोंड उघडं. गरम दिव्याखाली तो घटकाभर तोंड उघडतो ते अंग थंड करायला. बाजूला सरकल्यावरही उघडंच राहिलं तर ताबडतोब डॉक्टर. पिंजरा चारी बाजूंनी जाळीचाच हवा. खरं सांगायचं तर किनाऱ्यालगतच्या या हवेत पहिला पाळीव प्राणी म्हणून शॅमेलिऑन घेऊच नये.

सगळ्यात जास्त घात होतो तो हाडांचा. शरीराला कॅल्शियम वापरायला ड-३ जीवनसत्त्व लागतं आणि ते तयार व्हायला त्वचेवर यूव्हीबी किरण पडावे लागतात. बाल्कनीच्या सरकत्या काचेतून भरपूर ऊन येतं, पण काच हे किरण अडवते. यूव्हीबीचा विशेष दिवाही सहा महिने ते वर्षभरात त्या किरणांपुरता निकामी होतो, उजेड मात्र तसाच देत राहतो. दिवा लावल्याची तारीख त्याच्यावरच लिहून ठेवा. शिवाय त्याला खायला आणलेले दुकानातले रातकिडे पोटाने रिकामे असतात. त्यांना आदल्या दिवशी पालेभाजी खाऊ घालून, कॅल्शियमची पावडर लावून द्यायचे. हे चुकलं की आधी जिभेचा नेम चुकतो. शरीराहून लांब जाणारी जीभ अर्ध्यावर पडते. मग फांदीवरची पकड सुटते, पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा रबरासारखा लवतो. वाकलेलं हाड पूर्ववत होत नाही. पुढची मोडतोड तेवढी थांबवता येते.

मादी असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. व्हेल्डची एकटी मादीही अंडी धरते. ती तळाशी उकरत, अस्वस्थ फिरू लागली की ओलसर वाळूची खोल कुंडी द्या. अंडी अडकून ती निपचित पडली, तर घरगुती उपाय नाही.

घरगुती उपायांचंच सांगायचं तर तोंडातल्या जखमेवर हळद-खोबरेल नको, माणसांची अँटिबायोटिक नकोत. चिमट्याने तोंड उघडून सिरिंजने पाणी तर मुळीच नको: श्वासनलिकेचं तोंड जिभेजवळच असतं, पाणी फुप्फुसात जातं. डॉक्टरकडे जाईपर्यंत उबदार, शांत जागा आणि पानांवर थेंब, एवढंच करा.

डॉक्टर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला हवा. तो आजारपणाआधीच शोधून ठेवा. जवळपास नसेल तर परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. विरार लोकलच्या सकाळच्या गर्दीत मात्र नेऊ नका. हवेशीर डब्यात आडवी काठी बांधा, वरून कापड टाका. सोबत ताजी शी, पिंजऱ्याचा फोटो, दिव्याची तारीख आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी घेतलेल्या वजनांची वही न्या. डॉक्टरला सगळ्यात उपयोगी पडते ती ही वही.

आणि तुंगारेश्वरच्या वाटेवर किंवा एखाद्या वाडीत जखमी घोयरा सापडला, तर यातलं काहीच करू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात सावलीत ठेवा, खायला घालू नका आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.