तेलाच्या आगीवर फेसाची चादर

पेट्रोल-डिझेलच्या पेटलेल्या टाकीत पाणी ओतलं, की ते तळाशी जातं आणि तेल वर जळतच राहतं. तळाचं पाणी उकळलं, तर जळतं तेल टाकीबाहेर उसळतं. म्हणून तेलसाठ्यांची भिस्त असते फेसावर.

फेस बनवण्याचं नेहमीचं प्रमाण म्हणजे 97 लिटर पाण्यात 3 लिटर फेसकारी द्रावण. पंपाच्या दाबाने हे मिश्रण टाकीच्या काठाजवळच्या फोम चेंबरपर्यंत चढतं, हवा ओढून फुगतं आणि आतल्या भिंतीवरून तेलावर ओघळतं. अलगदच ओघळायला हवं. जोराने आदळलेला फेस तेलात बुडतो. थर जमला, की वाफ कोंडते, हवा तुटते, पृष्ठभाग निवतो. अल्कोहोल मात्र साधा फेस मोडून टाकतं. त्यासाठी वेगळं द्रावण लागतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाकूत शिकवणाऱ्या अलेक्झांडर लोरान यांनी ही युक्ती शोधली. मुंबईजवळच्या बुचर बेटावर ऑक्टोबर 2017 मध्ये वीज पडून डिझेलची टाकी पेटली, तेव्हाही पाणी आणि फेस घेऊन जवान काही दिवस झुंजले.

जुन्या फेसातली फ्लोरिनयुक्त रसायनं वर्षानुवर्षं विघटित होत नाहीत, भूजलात उतरतात. फ्लोरिनविरहित द्रावणं आता मिळतात. निदान सरावासाठी तरी जुना फेस वापरणं थांबायलाच हवं.