पैसे भरूनही ओटीटीवर जाहिराती का?

वर्षभराचे पैसे भरले, तरी सिनेमा ऐन रंगात आला की जाहिरात येते. असे का?

‘ॲमेझॉन प्राइम व्हिडिओ’ने भारतात १७ जून २०२५पासून चित्रपट आणि मालिकांमध्ये जाहिराती सुरू केल्या. प्राइमचे वार्षिक शुल्क १,४९९ रुपयेच राहिले. मात्र जाहिराती नको असतील, तर वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ रुपये जादा. म्हणजे पूर्वीसारखेच पाहायला वर्षाला २,१९८ रुपये. ग्राहकाने जादा पैसे भरले नाहीत, तर कंपनीला ते जाहिरातदाराकडून मिळतात.

‘जिओहॉटस्टार’च्या प्रीमियम प्लॅनमध्येही थेट सामन्यांत जाहिराती असतात.

काय कराल? ऑटो-पेमेंट कापले जाण्याआधी प्लॅन खरेच जाहिरातमुक्त आहे का आणि त्यात लाइव्ह कार्यक्रम येतात का, हे तपासा.